सत्तरीतल्या दोन आवाजांचं युगुलगीत: पट्टी, तालमी आणि मॉनिटर

प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगावातल्या एका मंडळाचा जानेवारीत गाण्यांचा कार्यक्रम आहे. पूर्वी ऑर्केस्ट्रात एकत्र गाणारे दोन गायक, नाना (७१) आणि ताई (६७), पंचवीसेक वर्षांनी पुन्हा एक प्रेमगीत एकत्र गाणार आहेत. गाणं मूळ काळी दोनमध्ये (म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून), केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात आहे. पट्टी कोणती घ्यावी, किती तालमी कराव्यात, ट्रॅक (आधी ध्वनिमुद्रित केलेली साथ) वापरावा की वादक बोलवावेत आणि खुलं नाट्यगृह चालेल का, असं विचारलं आहे.

पट्टीपासून सुरुवात करतो, कारण असे कार्यक्रम बहुतेक वेळा तिथेच फसतात. दोघंही म्हणतील, "काळी दोनच ठेवा, आम्ही तिथेच गायचो." ते ऐकू नका. रसिकांच्या कानात जुनं गाणं आहे हे खरं, पण पट्टी एक-दोन सुरांनी उतरलेली हजारात दहा जणांना कळते. ताईंचा वरचा सूर फाटला तर तो हजारच्या हजार लोकांना कळतो.

वयाबरोबर बाईचा आवाज खाली उतरतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. पुरुषाचं उलट होतं. स्वरतंतू बारीक होतात, आवाज थोडा पातळ होतो आणि किंचित चढतो. म्हणजे दोन आवाजांतलं जे अंतर धरून हे गाणं बांधलं होतं, ते अंतर आज उरलेलं नाही. नुसतं ट्रान्सपोजचं बटण दाबून सगळं गाणं तीन पट्ट्या (पेटीच्या लागोपाठच्या काळ्या-पांढऱ्या मिळून) खाली आणलं, तर ताई वाचतात पण नानांचा मुखडा खर्जात बुडतो. पट्टी तशीच ठेवली, तर नाना निभावून नेतात आणि ताई अंतऱ्यात अडकतात.

म्हणून आधी मोजा. सकाळी अकराच्या सुमारास, पंधरा मिनिटं आवाज तापवल्यावर, पेटीवर एकेक पट्टी वर जात "आ" लावायला सांगा. जोर न लावता जो सूर चार सेकंद टिकतो आणि लागोपाठ तीनदा तसाच लागतो, ती त्या दिवसाची वरची मर्यादा. त्याच्या दोन पट्ट्या खाली गाण्याचा सगळ्यात उंच सूर यायला हवा. खर्जाची मर्यादाही अशीच काढा. हे दोन वेगवेगळ्या दिवशी करा आणि कमी भरेल तो आकडा धरा. कार्यक्रमाच्या रात्री थंडी, धावपळ आणि मनावरचा ताण यांत एखादा सूर जातोच.

आता तुमच्या गाण्याचा हिशेब. काळी दोनमध्ये अंतरा तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'पर्यंत जात असेल, तर नानांना पांढरी पाच लावावी लागते आणि ताईंना त्याच्याही वरच्या सप्तकातली पांढरी पाच. सदुसष्टाव्या वर्षी तो सूर मागणं चुकीचं आहे. मी असं सुचवेन: गाण्याची मूळ पट्टी काळी एक करा आणि फक्त ताईंचा अंतरा काळी तीनमध्ये घ्या. काळी तीन म्हणजे काळी एकचा मध्यम ('म'). मुखडा ताई काळी एकमध्येच, आपल्या नेहमीच्या सप्तकात म्हणतील. तो पंचम-धैवतापलीकडे जात नसेल तर त्यांना काहीच त्रास नाही. त्यांच्या अंतऱ्याच्या आधी म्युझिक पीसमध्ये, म्हणजे नुसत्या वाद्यांच्या तुकड्यात पट्टी बदलायची. यातली खरी सोय अशी, की काळी एकचा षड्ज ('सा') हाच काळी तीनचा पंचम ('प') आहे. पीसच्या शेवटच्या आवर्तनात पेटी आणि सिंथवर (सिंथेसायझरवर) तो एकच सूर धरून ठेवायचा. अंतरा पंचमावरून उठत असेल तर ताईंना हाताशी असलेला तोच सूर उचलायचा आहे, नवीन काही शोधायचं नाही. तिथून त्यांचा तार गंधार येतो काळी पाचवर, म्हणजे पूर्वीपेक्षा नऊ पट्ट्या खाली. अंतरा संपला की पुन्हा तोच सूर धरून नानांच्या मुखड्यासाठी काळी एकला परत यायचं.

ताईंना आजही दोन पट्ट्या वर सहज जाता येत असेल, तर काळी दोन आणि काळी चार ही जोडी घ्या. हिशेब तोच राहतो. फक्त नानांना अंतऱ्यात पांढरी पाच लागते ना, हे आधी तपासा.

मध्यमाला षड्ज मानून गाणं आपल्याकडे नवं नाही. पंडित जसराजांची जसरंगी जुगलबंदी याच सूत्रावर उभी आहे: पुरुषाचा मध्यम तो स्त्रीचा षड्ज. सुगम गाण्यात मात्र वादक याचा आळस करतात, आणि त्या आळसाची किंमत गायिका भरते. आपल्याकडच्या युगुलगीतांत पट्टी बहुधा पुरुषाच्या सोयीने ठरते आणि बाई ओढून नेते. तरुणपणी ते चालून गेलं. आता पट्टी ताईंच्या गळ्यावरून ठरवा आणि नानांना त्यात बसवा.

लयीबद्दलचा समजही असाच उलटा आहे. वय झालंय म्हणून गाणं संथ करायचं, हा लोकांचा प्रेमळ विचार असतो आणि तो घातक ठरतो. केरव्याच्या दोन आवर्तनांची ओळ म्हणजे १६ मात्रा. मिनिटाला ७२ च्या लयीत ती १३ सेकंदांहून जास्त चालते. ८४ ला साडेअकरा सेकंदांच्या आत संपते. सत्तरीत दम पुरत नाही, तेव्हा हे दोन सेकंद फार मोठे असतात. लांबवलेल्या सुरावर आवाज हलतो तोही संथ लयीतच जास्त दिसतो. मूळ लय ७६ असेल तर ८० ते ८२ ठेवा, त्याखाली येऊ नका. तबलजींना हे आधीच सांगून ठेवा, कारण भावुक वातावरणात ठेका आपोआप संथ होत जातो.

श्वासाच्या जागा कागदावर लिहा. ओळीत कुठे तोडायचं हे ठरलेलं नसेल तर माणूस दम संपेल तिथे तोडतो, आणि तो नेमका शब्दाच्या मधोमध संपतो. दोघांच्या जागा सारख्याच असायला हव्यात असं नाही. एकत्र म्हणायच्या ओळीत तर मुद्दाम वेगवेगळ्या ठेवा. ताई श्वास घेतात तेव्हा नानांचा सूर चालू असतो, आणि ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते.

तालमींसाठी सहा आठवडे हातात ठेवा. पहिले दोन आठवडे दोघांनी वेगवेगळं गावं. एक मुंबईला आणि एक इकडे असेल तर पेटी-तबल्याचा साधा ट्रॅक ठरलेल्या पट्टीत, ठरलेल्या लयीत ध्वनिमुद्रित करून दोघांना पाठवा आणि रोज वीस मिनिटं त्यावर गायला सांगा. व्हिडिओ कॉलवर एकत्र गायचा प्रयत्न करू नका. आवाज पोहोचायला उशीर होतो, त्यात ताल कधीच जुळत नाही आणि दोघांनाही उगाच वाटतं की आपलंच चुकतंय. त्यानंतर एकत्र पाच-सहा तालमी पुरतात. पूर्ण आवाजात पाऊण तासापेक्षा जास्त गाऊ देऊ नका. पुढचं काम अर्ध्या आवाजात किंवा नुसतं बोलून. पूर्ण आवाजातली शेवटची तालीम कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी.

पहिल्या एकत्र तालमीत एक घोटाळा हमखास होतो, त्याची तयारी ठेवा. दोघांच्याही डोक्यात गाणं आहे, पण एकच गाणं नाही. एकाने ध्वनिमुद्रिकेवरचं लक्षात ठेवलेलं असतं, दुसऱ्याने स्टेजवर बदलत गेलेलं. मग ताईंची हरकत जिथे संपते तिथेच नाना शिरतात, किंवा नाना ज्या जागेची वाट पाहतात ती ताई देतच नाहीत. दोघंही अनुभवी, त्यामुळे "तूच चुकलास" असं कुणी म्हणत नाही. मनात मात्र राहतं. हे टाळायला पहिला तास गायचंच नाही. ओळीओळीचा तक्ता करायचा: ओळ कोणाची, कितव्या मात्रेवर उठते, कुठे संपते, पुढे रिकामी जागा किती. उदाहरणार्थ, ताईंची ओळ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर संपते, चार मात्रा बासरी, आणि नाना पाचव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून (तालातल्या बिनटाळीच्या जागेवरून) उठतात. ज्या चार मात्रांत दोघांचे आलाप एकमेकांवर येतात, तिथे खाली कोण राहणार आणि वर कोण जाणार तेही लिहा. इतकं ठरलं की मग मोकळीक द्या. एखादी हरकत ऐन वेळी सुचली तर ती गावीच, पण आपल्या ओळीच्या आत.

गाण्याचे कागद दोघांचे वेगळे, अक्षर २८ पॉइंटचं, आपल्या ओळी ठळक. स्टँड कमरेच्या उंचीवर. छातीपर्यंत आला की चेहरा झाकला जातो आणि मान वर करून गावं लागतं, त्याने गळा आवळतो. टॅबलेट ठेवणार असाल तर स्क्रीन आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका.

ट्रॅकचा विचार सोडा. ट्रॅक श्वासासाठी थांबत नाही, आणि अंतऱ्यापुरती पट्टी बदलायची तर तो वेगळा बनवून घ्यावा लागतो. पेटी, तबला किंवा ढोलक, सिंथ, बासरी आणि जमलं तर बेस गिटार एवढे वादक पुरे. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) या गाण्यापुरता बाजूला ठेवा. तबला काळी एकला लावला की काळी तीनच्या अंतऱ्यातही तो पंचमात बोलतो, त्यामुळे दुसरी जोडी लागत नाही. बासरीवाल्यांना मात्र दोन बासऱ्या आणायला सांगा. आणि खुल्या मैदानात बासरी जपावी लागते. हवा एक अंश थंड झाली की बासरी अर्ध्या सुराच्या साधारण तीन शतांशांनी उतरते. तालमीच्या खोलीत २७ अंश आणि जानेवारीच्या रात्री १२ असतील, तर हिशेबाने जवळजवळ पाव सूर खाली. फुंकरीच्या उबेने प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण पेटीशी खटकण्याइतका राहतो. वाजवायची नसेल तेव्हा बासरी शालीत गुंडाळून ठेवायची.

आता जागा. जळगावात बालगंधर्व खुलं नाट्यगृह आणि छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह असे दोन्ही पर्याय आहेत. या एका गाण्यासाठी कार्यक्रम असेल तर बंद नाट्यगृह घ्या. खुल्या जागेचा माहोल वेगळाच असतो, पण जानेवारीत रात्री आठनंतरची गार, कोरडी हवा म्हाताऱ्या गळ्याला चांगली नाही. खुलंच ठरलं असेल तर कार्यक्रम साडेसहाला सुरू करा आणि हे गाणं पावणेआठच्या आत आणा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहेच. परवानगीच्या कागदांबरोबर गीत-संगीताच्या जाहीर सादरीकरणाचा आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा) परवानाही आधी काढा.

साऊंडवर मात्र वेळ घालवा. दोघांना एकाच माईकवर उभं करायची हौस फोटोपुरती ठेवा. दोन माईक, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, म्हणजे दोन आवाजांचा पोत सारखा राहतो. दोघांना पूर्ण समोरासमोर किंवा पूर्ण प्रेक्षकांकडे तोंड करून नको. थोडं तिरकं बसवा, की मान किंचित वळवली तरी एकमेकांचा चेहरा दिसतो. युगुलगीतात समोरच्याचा श्वास दिसणं हाच खरा इशारा असतो, हाताने खुणा कराव्या लागत नाहीत. हात थरथरत असेल तर माईक स्टँडवर घ्या. हातातला माईक ३०० ग्रॅमच्या आसपास असतो आणि पाच मिनिटांत जड होतो. पण स्टँडवर घेतला तर मान वळवल्यावर आवाज पडतो, तेव्हा कोणत्या ओळीला एकमेकांकडे बघायचं ते तालमीतच ठरवा. बसायला बिनहाताची साधी खुर्ची, तळपाय जमिनीवर टेकतील अशी. उंच स्टूल देऊ नका. आणि बसून सुरुवात केली तर शेवटपर्यंत बसूनच. मध्येच उठलं की दम जातो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष मॉनिटरकडे, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरकडे होतं. या वयात ऐकू कमी येतं, आणि आधी जातात ते बारीक, वरचे आवाज, म्हणजे शब्दातले स, श, त. गायकाला स्वतःचं नीट ऐकू आलं नाही की तो जोर लावतो. जोर लावला की सूर चढतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत गळा बसतो. लोकांना वाटतं वय झालं. खरं तर मॉनिटर चुकीचा होता. दोघांना दोन वेगळे मॉनिटर, दोन वेगळ्या ऑक्सवर (मिक्सरमधून निघणाऱ्या स्वतंत्र वाटांवर). नानांच्या मॉनिटरमध्ये नानांचा आवाज आणि पेटी, त्याखाली ताई. ताईंच्यात ताई आणि पेटी, त्याखाली नाना. बेस आणि ढोलक काढून टाका, ते स्टेजवर तसेही ऐकू येतात. मॉनिटरमध्ये इको अजिबात नको, त्याने सुराची कड पुसट होते. साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माईक असेल तर मॉनिटर बरोबर माईकच्या पाठीमागे, म्हणजे गायकाच्या समोर ठेवा. सुपरकार्डिऑइड असेल तर थोडा बाजूला सरकवा, कारण त्या माईकला अगदी पाठीमागून थोडं ऐकू येतं आणि शिट्टी तिथूनच सुरू होते.

कानाचं यंत्र वापरत असतील तर तालमी सुरू व्हायच्या आधी ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठीचं वेगळं सेटिंग करून घ्या. बोलण्यासाठी लावलेलं यंत्र लांबवलेल्या सुराला शिट्टी समजतं आणि दाबायला बघतं, मग गायकाला स्वतःचाच सूर हलताना ऐकू येतो. सगळ्या तालमी त्याच सेटिंगवर व्हायला हव्यात. कवळीचंही असंच आहे. नवी कवळी कार्यक्रमाच्या तोंडावर बसवू नका. स आणि श शिट्टीसारखे वाजतात आणि जीभ अडखळते.

प्रेक्षकांकडे जाणाऱ्या आवाजासाठी साऊंडवाल्यांना एवढंच सांगा: ताईंच्या माईकवर १२० हर्ट्झखालचं आणि नानांच्या माईकवर ९० खालचं कापा, कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं यंत्र) हलका ठेवा आणि इको आवरा. आपल्याकडे म्हाताऱ्या आवाजाला जास्त इको लावून झाकायची पद्धत आहे. त्याने हलणारा आवाज दुप्पट हलतो आणि शब्द चिखलात जातात. प्रेमगीतात शब्दच ऐकू आले नाहीत तर उरलं काय?

गळ्याची निगा फार किचकट नाही. कार्यक्रमाआधी वीस मिनिटं आवाज तापवायचा, तोंड मिटून गुणगुणत आणि पाण्याच्या बाटलीत दोन-तीन इंच पाण्यात स्ट्रॉ बुडवून "ऊ" लावत. स्ट्रॉचा प्रकार दिसायला पोरखेळ वाटतो, पण स्वरतंतूंवर ताण न देता ते जागे करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. नाक-सर्दीच्या गोळ्यांनी गळा कोरडा पडतो, मेन्थॉलच्या गोळ्या चघळूनही तेच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. तसा असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला, गोळी मनाने बंद करू नका. आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर तालीम थांबवून घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पाहुणचाराबद्दल स्पष्ट सांगतो, कारण खानदेशात तो आवरत नाही. जानेवारी म्हणजे भरिताचा हंगाम. बाहेरून आलेल्या कलाकाराला दुपारी भरीत-पुरी आणि संध्याकाळी शेवभाजी घातल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही. हिरव्या मिरचीचं, तेलाचं जेवण झाल्यावर आम्लपित्त घशापर्यंत येतं, स्वरतंतू सुजतात आणि वरचे सूर बंद होतात. गाण्याआधी किमान तीन तास काही जड नको. दुपारी वरण-भात, भाकरी आणि साधी भाजी. भरीत रात्री कार्यक्रम झाल्यावर, मनसोक्त. बाहेरगावचा कलाकार आदल्या दिवशी रेल्वेने जळगाव किंवा भुसावळला उतरेल असं बघा. त्याच दिवशी आठ-दहा तास गाडीने आणून थेट स्टेजवर बसवू नका.

कार्यक्रमात हे गाणं पहिलं नको आणि शेवटचंही नको. आधी दोघांनी एकेक एकट्याचं, सोप्या पट्टीतलं गाणं म्हणावं, मग तासाभराने, मध्यंतराच्या अलीकडे हे. निवेदकाने दोन मिनिटांत आवरायचं. निवेदन अहिराणीत झालं तर आपला प्रेक्षक लगेच मोकळा होतो. मात्र दोघं इतकी वर्षं का गायले नाहीत, हे स्टेजवर उकरायचं नाही. रॉयल्टीच्या वादावरून लता मंगेशकर आणि मोहम्मद रफीसुद्धा १९६० च्या दशकात काही वर्षं एकत्र गायले नव्हते. पुन्हा गायला लागले तेव्हा लोकांना गाणंच हवं होतं. "या वयातही" आणि "कदाचित शेवटचं" हे शब्दही नकोत. गायच्या आधीच माणसाचा गळा भरून येतो, आणि भरल्या गळ्याने मुखडा लागत नाही.

वन्स मोअर येणार, हे धरूनच चाला. टाळ्यांच्या भरात दोघंही हो म्हणतील आणि पूर्ण गाणं पुन्हा म्हणायला बघतील. दुसऱ्यांदा ताईंचा अंतरा तितका येणार नाही. म्हणून वन्स मोअरचा तुकडा तालमीतच बसवून ठेवा: नानांचा मुखडा, चार मात्रा बासरी, दोघांचा एकत्र मुखडा दोनदा, आणि तिहाई. हा सगळा तुकडा काळी एकमध्येच राहतो, म्हणजे पट्टी बदलायची भानगड नाही. तबलजींना आणि पेटीवाल्यांना आधीच कळवून ठेवा. टाळ्या थांबायची वाट न बघता तबल्याने ८४ च्या लयीत उठाव द्यायचा आणि नानांनी थेट मुखडा धरायचा.